अठ्ठेचाळीस वाट्या, एक चमचा

आमच्या चहाच्या पेढीत वाट्या धुणाऱ्या एक बाई होत्या. त्यांच्याबद्दल कोणी काही लिहिलेलं नाही, आणि मला लिहायची सवय नाही. तारखांमध्ये माझी गल्लत होते. पण जे पाहिलं ते पाहिलं.

पेढीतले लोक त्यांना पाठीमागे शीबाई म्हणत. दिवसातून पन्नास वेळा त्यांच्या तोंडून 'शी' निघायचं. मोठ्याने नाही, स्वतःशीच, जसं कोणी उसासा टाकतं तसं. लोकांना वाटे, बाईंना सोवळेपणाचं वेड आहे. मी रोज दोन पावलांवर उभा असायचो, म्हणून मला ठाऊक होतं की त्या शब्दाला दरवेळी काही ना काही कारण असायचं.

चहाचा नमुना कसा चाखतात हे ज्याने पाहिलं नसेल त्याला सांगायला हवं. मोठ्या खिडक्यांची लांबट खोली. भिंतीलगत कंबरेएवढ्या उंचीचा ओटा. त्यावर ओळीने अठ्ठेचाळीस किटल्या आणि अठ्ठेचाळीस पांढऱ्या वाट्या. प्रत्येक किटलीत काट्यावर तोललेली चिमूटभर पत्ती, वर उकळतं पाणी, घड्याळ लावून सहा मिनिटं, मग चहा वाटीत ओतायचा. हे सगळं बाई करत. पहिली वाटी भरल्यापासून शेवटची भरेपर्यंत पहिलीतला चहा कोमट झालेला असे, आणि चव कोमट चहातच कळते, असं साहेब म्हणत.

मग मोठे साहेब येत. कमरेला टॉवेल, हातात जाड चमचा. पहिल्या वाटीत चमचा बुडवायचा, तोंडाशी नेऊन असा सुर्रकन ओढायचा की टाळूवर फवारा बसावा, गालात खळखळवायचा, आणि शेजारच्या पिकदाणीत पचकन टाकायचा. ही पिकदाणी पितळेची, कंबरेएवढी, चाकांवरची. साहेब ती गुडघ्याने ढकलत पुढे नेत. आणि तोच चमचा, लाळेसकट, दुसऱ्या वाटीत. मग तिसऱ्या. दर दहा वाट्यांनी तो एका मगातल्या पाण्यात हलवायचा. ते पाणी सकाळपासून तेच. त्यांच्यामागून धाकटे साहेब त्यांचा चमचा घेऊन त्याच वाट्यांतून जात. गिऱ्हाइकं आली तर तीही. मोठ्या साहेबांच्या बाजूला मी, कागद लावलेली पाटी घेऊन, ते जे बोलतील ते लिहीत. "भरदार." "सपक." "करपलेला."

मोठ्या साहेबांच्या मिशा जाड. चहाचे थेंब मिशांवर लटकायचे. दोन-चार वाट्या झाल्या की ते टॉवेलाने मिशा पुसत, आणि मग तोच टॉवेल बाई चमचे कोरडे करायला वापरत. दुसरा टॉवेल पेढीने कधी दिलाच नाही. घरी जाताना बाई तो पिशवीत घालून धुवायला नेत.

हे सगळं सांगताना आजही मी हातातला चहा बाजूला ठेवतो. तेव्हा मात्र मला काही वाटत नव्हतं. बावीस वर्षं बाई ती पिकदाणी रिकामी करत होत्या. तिच्यात सकाळच्या चाखणीनंतर दीड बादली पाणी साठे. वर फेस, आणि फेसाखाली जे असायचं ते मी लिहीत नाही.

एकदा मी गोदामात बसून फुकटचा चहा पीत होतो. दुपारी तीनला गोदामातल्या हमालांना आणि आम्हा कारकुनांना एका मोठ्या पातेल्यातून चहा मिळे. दूध-साखर घातलेला, गावात असा चहा कुठे नाही असं आम्ही सगळेच म्हणायचो. बाई पातेलं घेऊन आल्या होत्या. मी म्हणालो, "बाई, तुम्ही कधी घेत नाही हा चहा."

"नाही घेत."

"आवडत नाही?"

"भाऊ, तुम्ही पाटी घेऊन रोज तिथेच असता ना? अठ्ठेचाळीस वाट्यांतला उरलेला चहा कुठे जातो, कधी विचार केलात?"

मी कपाकडे पाहिलं.

"किटलीतला उरलेला असेल," मी म्हणालो.

"किटल्या मी वाटीत पूर्ण उपड्या करते. किटलीत पत्तीशिवाय काही राहत नाही. फेकू नका, म्हणून वरून हुकूम आहे." मग जरा मऊ होऊन म्हणाल्या, "मी तीनदा खळखळून उकळी आणते. घाबरू नका. पण मला विचाराल तर, शी."

मी कप खाली ठेवला. शेजारचा हमाल म्हणाला, "काका, तुम्हाला नको असेल तर इकडे सरकवा." सोळा वर्षं मी तो चहा प्यायलो होतो. साहेबांच्या मिशा सोळा वर्षं.

त्या वर्षी बाईंची लेक सातव्या महिन्यातच बाळंत झाली. मुलगी झाली, दीड किलोची. जावई बोटीवर कामाला, म्हणून लेक आणि नात बाईंकडेच. दोन महिने काचेच्या पेटीत ठेवून मुलीला घरी सोडलं तेव्हा दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी बाईंना बजावलं होतं, "हिच्या फुप्फुसांत अजून दम नाही. घरात कोणाला सर्दी-ताप नको. फ्लूची साथ सुरू आहे. फ्लू झाला तर ही टिकणार नाही, मी स्पष्ट सांगते." हे बाईंनी मला जसंच्या तसं सांगितलं, दोन बोटं हवेत उभी धरून. डॉक्टरीणबाईंनीही तशीच धरली असावीत.

तेव्हापासून बाई कामावरून घरी गेल्या की आधी अंघोळ करत, कपडे बदलत, मग पाळण्यापाशी जात.

आणि एका सोमवारी मोठे साहेब नाक ओढत आले.

"पत्तीची धूळ गेली," ते म्हणाले. डोळे लाल होते. चाखणी चालू असताना त्यांना तीनदा शिंक आली, तिन्ही वेळा त्यांनी टॉवेल तोंडावर धरला, आणि मग त्याच टॉवेलाने चमचा पुसला. मी पाहिलं, बाईंनी किटली खाली ठेवली आणि दोन्ही हात ओट्यावर टेकले.

हंगामाच्या पहिल्या मालाची चाखणी गुरुवारी होती. बाहेरगावची गिऱ्हाइकं येणार होती. मोठ्या साहेबांच्या निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती आणि धाकटे साहेब त्या खुर्चीकडे डोळे लावून बसले होते, हे पेढीत मांजरालाही माहीत होतं. चाखणाऱ्याचं नाक गेलं की त्याचं सगळं गेलं. म्हणून साहेब घरी जाणार नव्हते.

मंगळवारी ते आले तेव्हा कपाळावर घाम होता. जेवणाच्या सुट्टीत बाई माझ्या टेबलाशी आल्या.

"भाऊ, माझ्यासोबत दवाखान्यात चला. मला विचारायचंय आणि मला नीट विचारता येणार नाही."

मला तरी कुठे येत होतं. पण गेलो.

डॉक्टरीणबाई डबा खात होत्या. बाईंनी सुरुवात केली ती पिकदाणीपासून. मग पातेल्यातला चहा. मग वाट्या, चमचे आणि चमचे हलवायचा तो पाण्याचा मग. डॉक्टरीणबाईंनी डब्याचं झाकण लावलं आणि डबा बाजूला सारला.

"थांबा," त्या म्हणाल्या. "एकेक सांगा. तीनदा उकळलेल्या चहाची चिंता करू नका. उकळीत फ्लूचा विषाणू मरतो. आणि खाण्यापिण्यातून पोटात जाऊन फ्लू सहसा होत नाही. तो नाकातोंडातून श्वासाच्या वाटेला जातो. खोकला, शिंक, नाहीतर हाताला लागला आणि तो हात नाकाला, डोळ्याला गेला, असा."

"म्हणजे सगळ्यात घाण ते काही करत नाही," बाई म्हणाल्या.

"घाण ती घाणच. पण माणूस ज्याला नाक मुरडतो त्यातून रोग येतोच असं नाही. तुमच्या साहेबांचा चमचा स्टीलचा?"

"हो."

"स्टील, प्लास्टिक, दाराची कडी, अशा गुळगुळीत वस्तूंवर तो दिवस-दोन दिवस राहू शकतो. चकचकीत दिसतं, म्हणून कोणाला शंका येत नाही. हातावर फार वेळ नाही, काही मिनिटं. पण तेवढी पुरतात. कोमट पाण्याच्या मगाने काही मरत नाही, उलट सगळ्यांचं सगळ्यांना वाटलं जातं."

"आणि कापडावर?"

"कापड, कागद, त्यावर कमी. आठ-बारा तास धरा. शेंबडात मिसळलेला असला तर जास्तही तग धरतो. ओलं कापड असेल तर मला छातीठोक सांगता यायचं नाही."

बाईंचा चेहरा मी तेव्हा पाहायला नको होता. त्या खुर्चीत मागे सरकल्या.

"साहेबांचा टॉवेल," त्या म्हणाल्या. "काल मी घरी नेला. पिशवी खुंटीला लावली. पाळण्याच्या वरची खुंटी. मी अंघोळ केली, कपडे बदलले, आणि मग पिशवीतून टॉवेल काढून भिजत टाकला. आणि मग मुलीला घेतलं."

"मधे हात धुतले?"

"आठवत नाही."

बावीस वर्षं ज्या पिकदाणीला बाईंनी लांब मोजे घालून हात लावला, फिनेल ओतलं, नाक बांधून घासली, ती बाजूलाच राहिली. आणि टॉवेल मात्र, रोज साबणाने धुवून, चुलीपाशी वाळवून, घडी घालून आणायच्या म्हणून, त्यांच्या लेखी स्वच्छ होता.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "लागायचंच असेल तर चार दिवसांत कळेल. शुक्रवारपर्यंत मुलीकडे लक्ष ठेवा. श्वास जोरात चालला, दूध ओढेना, अंग तापलं, तर तसेच उठून या. आणि तुम्ही स्वतः तिच्याजवळ जाऊ नका."

बाई त्या दिवशी घरी गेल्याच नाहीत. दोन गल्ल्या सोडून त्यांची बहीण राहायची, तिच्याकडे गेल्या. जाताना लेकीच्या खिडकीखाली उभं राहून सांगितलं. मी सोबत होतो. लेक खिडकीतून म्हणाली, "आई, तू काय खुळी झालीस का? एका टॉवेलाने काय होतंय?"

"टॉवेल भिजवलेली बादली उकळत्या पाण्याने काढ. पिशवी जाळ. खुंटी पूस."

"खुंटी पूस. बरं. आणखी काय, भिंत धुऊ?"

"भिंतही पूस."

लेकीने खिडकी लावली. मग पुन्हा उघडली आणि म्हणाली, "आत्ता झोपलीये. श्वास बरा आहे. दूध प्यायली." आणि पुन्हा लावली.

बुधवारी सकाळी बाई तोंडाला रुमाल बांधून आल्या. साहेबांसमोर उभ्या राहिल्या. "साहेब, तुम्हाला ताप आहे. तुम्ही घरी जा."

साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. "पाणी उकळलं का?"

"माझ्या घरी दीड किलोचं मूल होतं, आता अडीच किलोचं झालंय."

"मग तुम्ही जा घरी. वाट्या धुवायला माणूस मिळेल." मग चमचा उचलत, "उकळत्या पाण्याचा चहा आहे, बाई. त्यात काय जगतंय."

"तुम्ही पिता तेव्हा तो कोमट असतो."

साहेबांनी कमरेला टॉवेल बांधला. त्या सकाळी तो नवा होता. स्वतःच्या घरून आणला होता, कारण मंगळवारी वापरलेला जुना बाईंनी परत आणलाच नव्हता.

बाई किटल्यांकडे वळल्या. माझ्याजवळून जाताना हळूच म्हणाल्या, "भाऊ, पाच, सतरा आणि एकतीस. अक्षर सुवाच्य काढा."

मला काही कळलं नाही, पण मी अक्षर सुवाच्य काढलं. पाचव्या वाटीला साहेब म्हणाले, "भरदार. उजळ." सतराव्याला, "सपक, जुनी पत्ती." एकतिसाव्याला त्यांनी बराच वेळ तोंडात घोळवलं, नाकाने ओढून पाहिलं, ओढलं गेलं नाही, आणि म्हणाले, "धुराचा वास. परत पाठवा."

अठ्ठेचाळीस झाल्या. धाकटे साहेब अर्ध्यावर होते. बाई म्हणाल्या, "भाऊ, पाच, सतरा, एकतीस वाचून दाखवा."

खोलीत सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला तोंड उघडायची सवय नाही. पण पाटी हातात होती, आणि वाचायचंच होतं, बोलायचं नव्हतं. मी वाचलं.

"तिन्ही एकाच डब्यातली पत्ती आहे," बाई म्हणाल्या. "डबा इथे आहे. धाकट्या साहेबांनी चाखून बघावं. नवा चमचा घेऊन."

धाकटे साहेब पुढे आले. त्यांनी नवा चमचा घेतला, पण वाटीत घातला नाही. ते मोठ्या साहेबांच्या तोंडाकडे बघत होते, मिशांकडे, मिशांच्या टोकाला लटकलेल्या थेंबाकडे. तो थेंब चहाचा नव्हता. मग त्यांनी मागे वळून पाहिलं. सकाळपासून त्यांनी ज्या चोवीस वाट्यांतून चहा तोंडात घेतला होता, त्या ओळीने मांडलेल्या होत्या. ते पिकदाणीवर वाकले आणि नुसता चहाच बाहेर पडला नाही.

मोठे साहेब स्टुलावर बसले. टॉवेलाने मिशा पुसत म्हणाले, "रविवारपासून कसलाच वास येत नाही. कांदा नाकाशी धरला तरी येत नाही." आवाजात रडणं होतं, की नाकच तसं चोंदलेलं होतं, मला सांगता येणार नाही. मला त्यांची दया यायला हवी होती. आली नाही. माझ्या हातातली लेखणी रोज सही करायला ते घेत, आणि विचार करताना तिचं टोक ओठांत धरत. मी ती पिकदाणीत टाकली.

ते घरी गेले. गुरुवारची चाखणी पुढे ढकलली. तशीही झालीच नसती, कारण शुक्रवारी धाकटे साहेब आडवे झाले, आणि सोमवारपर्यंत माझ्यासकट पाच जण.

बाईंना गुरुवारी दुपारीच ताप चढला. बहिणीच्या मागच्या खोलीत पडून होत्या. मी अजून धडधाकट होतो, म्हणून संध्याकाळी लेकीच्या खिडकीशी जायचो आणि येऊन बाईंना दाराबाहेरून सांगायचो.

"काय म्हणाली?"

"दूध प्यायली."

"किती?"

"ते विचारलं नाही."

"तर काय विचारलंत मग, हवापाणी? परत जा."

मी परत गेलो. लेक वैतागून म्हणाली, "काका, तिला सांगा, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली आणि वर माझ्या खांद्यावर ओकली."

शुक्रवारी संध्याकाळी मुलीला दोन शिंका आल्या. मी हे बाईंना सांगू की नको असं करत दारात पाच मिनिटं उभा होतो. आतून बाई म्हणाल्या, "तुमची चप्पल ऐकू येतेय. बोला."

मी सांगितलं. आतून खोकला. मग, "अंग?"

"गार आहे. लेकीने दोनदा पाहिलं."

"श्वास?"

"मोजला म्हणे. डॉक्टरीणबाईंनी शिकवलं तसा."

त्यानंतर त्यांनी मला जा म्हटलं नाही आणि थांबा म्हटलं नाही. मी पायरीवर बसून राहिलो. शनिवारी सकाळी लेकीने खिडकीतून मुलगी उचलून दाखवली. मुलगी पाय झाडत होती, तोंड लालबुंद करून रडत होती. रडण्यात चांगला जोर होता. मी तेवढंच जाऊन सांगितलं, "रडतेय. मोठ्याने." दाराआड बाई हसल्या की काय कोण जाणे, खोकल्यात कळलं नाही. पुढच्या दोन दिवसांत मीही पडलो, त्यामुळे मधलं मला माहीत नाही.

मी उठलो तेव्हा पेढीवरून एक निरोप होता. मोठे साहेब परत आले होते. नाक थोडं परतलं होतं, थोडं नव्हतं. त्यांनी सांगितलं होतं की बाईंना बोलवा, प्रत्येकाला दोन चमचे, एक वाटीतून काढायला आणि एक तोंडाला लावायला. हा निरोप घेऊन मी गेलो. बाई त्याच दिवशी, अकराव्या दिवशी, स्वतःच्या घरी परतल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिली होती.

मी निरोप सांगितला. बाई मोरीत कोपरापर्यंत हात धूत होत्या. "दोन चमचे," त्या म्हणाल्या. "आणि पाण्याचा तो मग?"

"मगाचं काही म्हणाले नाहीत."

"तो मग फेका म्हणावं. नाहीतर मी येत नाही."

हात निथळवत त्या पाळण्याशी आल्या. लेकीने मुलगी उचलून त्यांच्या हातात दिली. अकरा दिवसांनी. बाईंनी तिला छातीशी धरलं नाही. हात लांब करून, ताटात काही ठेवलेलं असावं तशी धरली, आणि बघत राहिल्या.

"आई, एक पापी घे की," लेक म्हणाली. "बरी झालीस ना आता?"

बाईंनी ओठ मिटून घेतले आणि मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर तेच होतं जे त्या पिकदाणी रिकामी करत तेव्हा मी बघायचो. पण या वेळी ते स्वतःच्याच तोंडासाठी होतं.

मुलीने बाईंचं बोट मुठीत पकडलं. लहान मुलं करतात तसं ओढत तोंडाकडे न्यायला लागली. बाईंनी बोट सोडवून घेतलं, मुलगी लेकीकडे दिली आणि पुन्हा मोरीकडे गेल्या.

"चौथ्यांदा धुतेयस," लेक म्हणाली. "कातडी निघेल हाताची."

"निघू दे," बाई म्हणाल्या, आणि साबण घेतला.